वल्हे मारणाऱ्याला काय म्हणावे?
नाखुदा, तांडेल, सारंग, खलाशी : नावेवरच्या माणसांच्या नावांचा हिशेब

आमच्या कापडाच्या धंद्यात नुसते 'कापडवाला' म्हटले तर कुणालाच काही कळत नाही. कांडी भरणारा वेगळा, सायझिंगवाला वेगळा, मागावर बसणारा वेगळा. जॉबर, मुकादम, रंगारी, घडीवाला, दलाल, आडत्या या प्रत्येकाचे नाव वेगळे, काम वेगळे आणि दाम वेगळा. थान खराब निघाले तर कुणाला जाब विचारायचा हे या नावांवरूनच ठरते. पण हाच व्यापारी नदीकाठी किंवा बंदरावर गेला की नावेवरच्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो, 'ए होडीवाले!' मालक असो की मजूर, सुकाणू धरणारा असो की वल्हे मारणारा, सगळे होडीवाले.

खरे तर नाव चालवणाऱ्यांसाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता मुळीच नाही. उलट हा शब्दांचा एक भरलेला पेटारा आहे आणि त्यातला अर्धाअधिक माल अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेला आहे. हा पेटारा व्यापारी आणि कारागीर वाचकांपुढे उघडण्याचे कारण भाषेचा शौक एवढेच नाही. या शब्दांत मालकी कुणाची, जबाबदारी कुणाची आणि मजुरी कुणाची याचा पूर्ण हिशेब लिहिलेला आहे.

नाखुदा : नावेचा धनी

पहिला मान नाखुद्याचा. हा शब्द फारसी आहे. 'नाव' म्हणजे आपलीच नाव आणि 'खुदा' म्हणजे येथे धनी, मालक. नावेचा धनी तो नाखुदा. उर्दू शाळेत शिकलेल्यांना तो शेरोशायरीतून माहीत असतो, पण त्याचे खरे घर बाजारात आहे. जुन्या काळी नाखुदा कधी जहाजाचा मालक असे, कधी मालकाने नेमलेला मुखत्यार. माल भरणे, भाडे ठरवणे, परक्या बंदरात सौदा करणे ही सर्व कामे त्याच्याकडे असत. स्वतः वल्हे मारणे किंवा शीड ओढणे हे त्याचे काम नव्हे.

सौराष्ट्रातल्या वेरावळ येथे सापडलेल्या एका शिलालेखातून हे फार चांगले समजते. हा लेख 1264 सालचा, हिजरी 662 चा आहे. होर्मुझहून आलेल्या नुरुद्दीन फिरोज नावाच्या नाखुद्याने सोमनाथ पाटण येथे जमीन घेऊन मशीद बांधली आणि तिच्या खर्चाची तजवीज केली, त्याचा हा दस्त. तो अरबी आणि संस्कृत अशा दोन भाषांत आहे. संस्कृत लिहिणाऱ्याने 'नाखुदा' या शब्दासाठी 'नौवित्तक' असा शब्द वापरला आहे. ज्याचे वित्त, म्हणजे धन, नौका आहे तो. स्थानिक हिंदू प्रतिष्ठितांच्या सहकार्याने हा व्यवहार झाल्याचे त्याच लेखात नमूद आहे. मशिदीची देखभाल ज्या जमातींवर सोपवली त्यांची नावेही दिली आहेत. त्यांत नाखुदा व नाविकांची जमात आहे, तशीच चुन्याचे काम करणाऱ्यांचीही जमात आहे. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर मुसलमान कारागीर आपापल्या हुन्नराच्या नावाने ओळखले जात होते आणि त्याच नावाने दस्तात लिहिले जात होते.

चौदाव्या शतकात इब्न बतूता कालिकतला आला. तेथल्या मिस्काल नावाच्या नाखुद्याची दौलत आणि त्याची चीन, यमन, फारसपर्यंत जाणारी जहाजे यांचा त्याने आवर्जून उल्लेख केला आहे. आजच्या कोझिकोडमधली मिश्काल मशीद त्याच्याच नावाने ओळखली जाते. कलकत्त्याच्या नाखुदा मशिदीचेही तसेच. कच्छी मेमन बिरादरीतले जहाजांचे व्यापारी अब्दुर रहीम उस्मान यांच्या पुढाकाराने तिचे काम झाले, पायाभरणी 1926 साली झाली आणि मशिदीला नाव मिळाले ते धंद्याचे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात रोगे घराण्यातल्या कोकणी मुसलमान जहाजमालकांच्या नावामागे नाखुदा हा किताब लागत असे.

हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा 'नाखवा' झाला. कोळीवाड्यात नाखवा म्हणजे होडीचा मालक. पण गावातल्या, शहरातल्या माणसाने तो कोणत्याही नाववाल्याला लावायला सुरुवात केली. धन्याचे नाव चाकरापर्यंत पोहोचले, पण धन्याचा वाटा काही त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

अकबराच्या काळची बारा नावे

नावेवर किती प्रकारची माणसे असत याची सर्वांत नेटकी यादी अबुल फजलने 'आईने अकबरी'त दिली आहे. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. समुद्रात जाणाऱ्या जहाजावर बारा दर्जांचे लोक असतात असे तो सांगतो. पहिला नाखुदा. दुसरा मुअल्लिम, म्हणजे ताऱ्यांवरून आणि पाण्याच्या खोलीवरून वाट दाखवणारा. मदरशात शिकवणाऱ्या उस्तादाला जो शब्द, तोच दर्यावर वाट दाखवणाऱ्याला. आपल्या किनाऱ्यावर त्याचाच मालीम किंवा मालम झाला. तिसरा तांडेल, खलाशांचा नायक. चौथा नाखुदा-खशब. 'खशब' म्हणजे लाकूड. उतारूंना जळण आणि गवत पुरवणे व माल चढवण्या-उतरवण्यास मदत करणे हे त्याचे काम. पाचवा सरहंग, जहाज धक्क्याला लावणे व सोडणे पाहणारा. सहावा भंडारी, कोठाराची जबाबदारी असणारा. सातवा कराणी, हिशेब लिहिणारा आणि उतारूंना पाणी मोजून देणारा. आठवा सुक्कानगीर, सुकाणू धरणारा. नववा पंजरी, डोलकाठीवर चढून जमीन, जहाज किंवा वादळ दिसते का ते सांगणारा. दहावा गुमटी, जहाजात झिरपलेले पाणी उपसणारा. अकरावा गोलंदाज. बारावा खारवा, म्हणजे साधा खलाशी, शिडे चढवणारा आणि उतरवणारा.

व्यापाऱ्याला खरा रस पगारात. बंगालमधल्या सातगाव बंदरातले दर अबुल फजलने दिले आहेत. नाखुद्याला 400 रुपये, मुअल्लिमाला 200, तांडेलाला 120 आणि खारव्याला 40 रुपये व रोजचे जेवण. यावर नाखुद्याला जहाजात चार कोठड्या मिळत. त्यांत तो स्वतःचा माल भरून स्वतःचा नफा करू शकत असे. मुअल्लिमाला अशा दोन कोठड्या होत्या. म्हणजे पगार आणि धंद्यातली भागी दोन्ही पदाबरोबर येत. पदाचे नाव नीट ठाऊक असेल तरच माणसाला आपला हक्क मागता येत होता.

या यादीतले किती शब्द आजही आपल्या तोंडी आहेत पाहा. 'सुक्कान' म्हणजे अरबीत सुकाणू. सरहंगचा सारंग झाला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखानाबरोबर ज्याचे नाव येते तो दर्यासारंग याच शब्दाने ओळखला जातो. बंगालीत कारकुनाला आजही केरानी म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीची बोट दर्यात चालवणारा आजही तांडेल आणि त्याच्या हाताखालचे खलाशी. नाखवा, तांडेल, सारंग ही तर कोकणात आडनावे होऊन बसली आहेत, मुसलमानांतही आणि हिंदूंतही.

खलाशी आणि मल्लाह

'खलाशी' या शब्दाचे मूळ अरबी 'खलास', म्हणजे सुटका, मोकळे होणे. आपण 'काम खलास' म्हणतो तो शब्द आणि 'खुलासा' हा शब्द, दोन्ही याच घरातले. नावेवरून निघून या शब्दाने जमिनीवर फार मोठा प्रवास केला. रेल्वेच्या कारखान्यांत खलाशी हे पद झाले. उत्तरेत आणि बंगालात ट्रकवर ड्रायव्हरच्या मदतीला असणाऱ्या पोऱ्याला खलासी म्हणतात. केरळातल्या बेपूरचे मापिला खलाशी तर दोर, कप्पी आणि खांद्याच्या जोरावर मोठमोठी लाकडी जहाजे पाण्यात लोटण्यासाठी नावाजलेले आहेत. 8 जुलै 1988 रोजी पेरुमन येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्यासाठी याच खलाशांना बोलावले होते.

'मल्लाह' या शब्दाबद्दल आपल्याकडे सांगतात की तो 'मिल्ह', म्हणजे मीठ, यावरून आला. खाऱ्या पाण्यावर राबणारा तो मल्लाह. ऐकायला गोड वाटते. पण भाषेच्या अभ्यासकांनी त्याचे मूळ त्याहून कितीतरी जुने शोधले आहे. इराकच्या भूमीवर हजारो वर्षांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या अक्कादी भाषेत नावाड्याला 'मलाहू' म्हणत. तो शब्दही त्याहून जुन्या सुमेरी भाषेतून आलेला, जिथे 'मा' म्हणजे नाव. दजला आणि फरात नद्यांवर नाव हाकणाऱ्याचे हे नाव राज्ये बुडाली, भाषा मेल्या, तरी टिकले आणि आज बनारसच्या घाटावर रोज ऐकू येते.

आपले काही व्यापारी साड्यांसाठी बनारसला जातात, शालींसाठी श्रीनगरला जातात. बनारसला नाववाला मल्लाह, केवट किंवा माझी म्हणवतो. श्रीनगरात दल सरोवरावर शिकारा चालवणारा हांजी असतो, आणि हांजी बिरादरी मुसलमान आहे. बंगालात गेलात तर तिथे एक बारीक फरक ऐकू येईल. 'माझी' म्हणजे सुकाणू धरणारा, नावेचा प्रमुख आणि 'दाँडी' म्हणजे दाँड, अर्थात वल्हे मारणारा. आपल्या देशावरच्या नद्यांतून नाव चालवणारे भोई असत. पालखी खांद्यावर वाहणारे भोई आणि नदीपार नेणारेही भोई. माणसांना वाहून नेणे हा त्यांचा पेशा, रस्त्यावर असो की पाण्यावर. 'उतारू' हा शब्दही मुळात उतरण्यावरूनच आलेला.

वल्हे मारणाऱ्याचे स्वतःचे नाव

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येतो. एवढ्या शब्दांत ज्याचे हात दिवसभर वल्ह्यावर असतात त्याचे खास नाव कोणते? नाखवा हा मालक. तांडेल हा नायक. सारंग हा मुकादम. सुकाणी सुकाणूवर. खलाशी म्हणजे पडेल ते काम करणारा. नावाडी म्हणजे नाव चालवणारा, मग तो मालक असो वा नोकर. 'वल्हेकरी' असा शब्द मराठीत आहे, पण तो पुस्तकात सापडतो, धक्क्यावर ऐकू येत नाही. बंगालीतल्या दाँडीसारखा रोजच्या तोंडचा शब्द आपण त्याला दिलाच नाही. ज्याच्या घामावर नाव पुढे जाते त्याचे नाव वहीत नाही. तिथे 'मजुरी' असे लिहून एकच रक्कम टाकलेली असते.

ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. इंग्रजांच्या जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या लोकांचे काय झाले ते पाहा. फारसी 'लश्कर', म्हणजे फौज, हा शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजांकडे गेला आणि त्याचा 'लास्कर' झाला. रत्नागिरीचा कोकणी, गुजरातचा खारवा, सिल्हेटचा बंगाली, सगळे एका शब्दात बसवले गेले. त्याच जहाजावर, त्याच समुद्रात राबणाऱ्या गोऱ्या खलाशापेक्षा लास्करचा पगार कितीतरी कमी असे. भरती होण्यासाठी घाट सारंगाच्या हातापाया पडावे लागे. दलाली आणि कर्ज यांत पुढचा पगार आधीच गहाण पडे. सगळ्यांना मिळून एकच नाव दिले की सगळ्यांना मिळून एकच कमी दर लावणे सोपे जाते.

अर्थात त्या लोकांनी जहाजावर आपली भाषाही घडवली. तिला लष्करी बोली म्हणत. हिंदुस्तानी, अरबी, फारसी आणि पोर्तुगीज यांची ती मिसळ होती. थॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1811 साली कलकत्त्याला तिचा कोश छापला, कारण ती शिकल्याशिवाय गोऱ्या अधिकाऱ्यांचे जहाज हलत नव्हते. त्यातले 'हबेस', म्हणजे वर घ्या आणि 'आरिया', म्हणजे खाली सोडा, हे दोन शब्द बंदरातून बांधकामापर्यंत पोहोचले. क्रेनखाली उभा असलेला मजूर हात हलवून 'आरिया, आरिया' ओरडतो, तेव्हा तो पोर्तुगीज जहाजांवरचा शब्द बोलत असतो.

सरकारी कागदांनीही यातली काही नावे सांभाळली. यंत्रावर चालणाऱ्या नदी-खाडीतल्या नौकांसाठी 1917 साली झालेल्या कायद्यात 'सारंग' हा परवान्याचा एक दर्जा होता. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात शिडाच्या गलबताच्या प्रमुखाला 'टिंडल' म्हटले होते, म्हणजे आपला तांडेलच. ज्याचे नाव कायद्यात आले त्याला परवाना मिळाला, दर्जा मिळाला, पुढे बढतीची पायरी मिळाली. वल्हे मारणाऱ्याला पायरी नव्हती, कारण कागदावर तो पदच नव्हता. पुढे नावांना इंजिने बसली. सारंग इंजिनाच्या बोटीवर गेला, तांडेल ट्रॉलरवर गेला. वल्हेवाला मात्र हमाली करायला शहरात आला.

कापडवाल्यांना हे नवे नाही

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे दुखणे समजायला हवे. विणणाऱ्याला 'जुलाहा' म्हणून हिणवण्याचा काळ फार लांब नाही. शब्द फारसी, अर्थ फक्त विणकर, पण तो तोंडात आला की शिवीसारखा येत असे. म्हणून विणकरांनी मोमीन आणि अन्सारी ही नावे अभिमानाने धारण केली, विसाव्या शतकात मोमीन कॉन्फरन्ससारखी संघटना उभी केली आणि आपला हुन्नर व आपली इज्जत एका नावात बांधली. उत्तरेत मल्लाह, केवट वगैरे बिरादऱ्यांनी 'निषाद' या नावाखाली तेच केले. नाव बदलून पोट भरत नाही हे खरे. पण ज्याला नाव आहे त्याला दाराशी उभे राहून हक्क मागता येतो.

जकातीचा प्रश्न

या विषयाची आणखी एक बाजू आहे. सूरह कहफमध्ये हजरत मूसा आणि हजरत खिज्र यांचा किस्सा आहे. त्यात खिज्र एका नावेला नुकसान पोहोचवतात. पुढे उलगडा होतो की ती नाव दर्यावर राबणाऱ्या काही मिसकीन लोकांची होती, आणि प्रत्येक चांगली नाव जबरदस्तीने हिसकावणारा एक बादशहा त्यांच्या वाटेवर होता. नाव सदोष दिसली म्हणून ती वाचली.

येथे लक्ष देण्याची गोष्ट ही की ते नावेचे मालक आहेत, तरी त्यांना मिसकीन म्हटले आहे. शाफई फिकहने यावरून असा अर्थ घेतला की मिसकीनकडे थोडेफार असू शकते, पण ते त्याला पुरत नाही. फकीर त्याहून गरीब. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफईच आहेत. देशावरचे आपण बहुतेक हनफी. हनफी उलेमांनी फकीर आणि मिसकीन यांचा क्रम उलटा लावला, पण पोट भरण्याची अवजारे त्यांनीही निसाबच्या हिशेबात धरलेली नाहीत. सुताराची करवत, विणकराचा हातमाग, नावाड्याची होडी ही त्याची रोजीची साधने. तेव्हा 'त्याची स्वतःची होडी आहे, त्याला जकात कशी चालेल?' असे म्हणून कुणाला दारातून परत पाठवण्याआधी आपल्या गावातल्या आलिमाला विचारून घ्यावे. होडी असणे आणि सुखवस्तू असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे आपल्या किताबातच आले आहे.

व्यापाऱ्यांनी काय करावे

पहिली गोष्ट, माल नावेवर चढवताना नुसत्या 'होडीवाल्या'च्या भरवशावर राहू नये. मालक कोण, तांडेल कोण, माल कुणाच्या हवाली केला हे पावतीवर लिहून घ्यावे. माल ही अमानत आहे आणि अमानतीला धनी लागतो. माल भिजला तर वल्हे मारणाऱ्याच्या मजुरीतून कापून घेण्याची रीत अन्यायाची आहे. नुकसान कुणाच्या कसुरीने झाले ते आधी पाहावे. भाडे ज्याने घेतले त्याच्याशी आधी बोलावे.

दुसरी गोष्ट, मजुरी ठरवताना प्रत्येक कामाचा दर वेगळा ठरवावा आणि ज्याची त्याच्या हातात द्यावी. मुकादमाच्या हाती एकरकमी दिलेल्या पैशातून शेवटच्या माणसापर्यंत किती पोहोचते हे घाट सारंगांच्या काळापासून सर्वांना ठाऊक आहे. मजुराची मजुरी विनाविलंब देण्याची ताकीद आपल्याला हदीसमधून मिळालेलीच आहे. ती 'मुकादमाला दिली' म्हणून फिटत नाही.

तिसरी गोष्ट कारागीर बांधवांसाठी. कोणताही सरकारी फॉर्म भरताना धंद्याच्या रकान्यात 'मजूर' लिहून मोकळे होऊ नका. नावाडी असाल तर नावाडी लिहा, तांडेल असाल तर तांडेल, रंगारी असाल तर रंगारी. उद्या त्या धंद्यासाठी एखादी योजना, कर्ज किंवा विमा आला तर यादीत आधी धंद्याचे नाव शोधले जाते. 'मजूर' या ढिगाऱ्यातून आपल्याला कुणी वेचून काढणार नाही.

चौथी गोष्ट सोपी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. खाडीकाठच्या गावांत अजून असे बुजुर्ग आहेत ज्यांना शिडाच्या प्रत्येक दोरीचे आणि नावेवरच्या प्रत्येक माणसाचे नाव पाठ आहे. त्यांच्याजवळ बसून ती नावे मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत, मराठीत लिहा की उर्दूत.

राहता राहिला वल्हे मारणारा. त्याला वल्हेकरी म्हणा, दाँडी म्हणा, किंवा त्याच्या गावात जो शब्द असेल तो त्यालाच विचारून घ्या. मग तोच शब्द पावतीवर आणि हिशेबाच्या वहीत त्याच्या मजुरीसमोर लिहा.